गोदामांच्या रस्त्यावरचं समाजशास्त्र

ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांत भातशेती हटून गोदामं उभी राहिली, त्याला मुंबईची जकात हे एक मोठं कारण होतं. माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, मुंबईतली जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली. का वाढली, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. जमिनीचा पैसा घरात आला तेव्हा लेकींना त्यात वाटा मिळाला का, हा समाजशास्त्राचा. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९चा. आज इथे पाठीवर माल वाहणाऱ्या हमालांपैकी किती जणांची माथाडी मंडळाकडे नोंद आहे, हा राज्यशास्त्राचा. भिवंडी परिसरातल्या छोट्या महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्या मुलामुलींनी हेच प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलीला मिळणार असतील, तर हातची संधी वाया जाईल.

यावर पहिला आक्षेप पोटाचा असतो: बी.ए. करून नोकरी कुठे मिळते? नुसत्या पदवीवर ती मिळत नाही, हे खरंच आहे. पण गाइडमधली उत्तरं पाठ करून मिळवलेली पदवी आणि पन्नास घरांत जाऊन माहिती गोळा करून, तिचे तक्ते मांडून, त्यावर अहवाल लिहून मिळवलेली पदवी एकसारखी नसते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे स्वतःच्या शब्दांत मुद्दा मांडावाच लागतो. दुसरी भीती शहराच्या नाजूकपणाची. १९७० आणि १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलींची आठवण असलेल्या गावात विद्यार्थ्यांनी वस्त्यांत प्रश्न विचारत फिरावं का? उलट भिवंडीचाच अनुभव प्रश्न विचारण्याच्या बाजूने आहे. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांतल्या माणसांना नियमित एकत्र बसवलं, आणि १९९२-९३मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. यंत्रमागावरचा कारागीर आणि गोदामाचा मालक यांच्याशी नीट बोलायला शिकणं हा या विषयांचा गाभाच आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. छोट्या महाविद्यालयात पुरेसे प्राध्यापक नाहीत, अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांना मानधन वर्गात घेतलेल्या तासाचं मिळतं. मुलांना घेऊन पूर्ण्याच्या ग्रामसभेला बसलेली दुपार त्या हिशेबात कुठे धरायची? शिक्षकाच्या फुकट श्रमावर चांगलं क्षेत्रकार्य उभं राहत नाही, आणि सध्या अपेक्षा तीच दिसते. म्हणून मागणी सरकारकडे आणि विद्यापीठाकडे हवी: क्षेत्रकार्याचे तास मानधनात धरा, रिक्त जागा भरा. महाविद्यालयांनाही एक गोष्ट आजच करता येईल. गुण देऊन झाल्यावर अहवाल रद्दीत घालू नयेत. माहिती देणाऱ्यांची नावं काढून ते मराठीत आणि उर्दूत ग्रंथालयात ठेवावेत, एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच वस्तीत, त्याच प्रश्नांनिशी पुन्हा जावं.