दोन बटणे आणि एक दिवा

“तर्कशास्त्र घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला घरीदारी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांचा मुलगा बहुधा अभियांत्रिकीला, संगणक शाखेत असतो. आपण ओशाळून गप्प बसतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्याच पाठ्यपुस्तकात आहे.

जॉर्ज बूल हा इंग्लंडमधील एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पायरी न चढता तो स्वतःच गणित शिकला आणि पुढे आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झाला. विचारांचे नियम बीजगणिताच्या भाषेत मांडणारा त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर किती तरी वर्षे विजेच्या कामाशी त्याचा संबंध जोडावा, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

१९३६ साली क्लॉड शॅनन हा तरुण मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी व गणित या दोन्ही विषयांत पदवी घेऊन एम.आय.टी.त संशोधनासाठी आला. मिशिगनला तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याची बूलच्या तर्कशास्त्राशी ओळख झाली होती. एम.आय.टी.तील गणकयंत्राच्या रिलेंची गुंतागुंतीची जोडणी पाहताना त्याला तो धडा उपयोगी पडला. दोन बटणे एकापुढे एक जोडली, तर दोन्ही दाबल्यावरच दिवा लागतो. हे तर्कशास्त्रातले ‘आणि’. तीच समांतर जोडली, तर कोणतेही एक पुरते, हे ‘किंवा’. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात त्याने अशी सर्व जोडणी बूलच्या बीजगणिताने सोडवून दाखवली. आजच्या संगणकाच्या चिपांची रचना याच पायावर उभी आहे.

कोणी म्हणेल, शॅनन असामान्य होता. प्रत्येक विद्यार्थी थोडाच तसा असतो? मान्य आहे. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसू देणारे विद्यापीठ नसते, तर त्याची असामान्य बुद्धी बूलपर्यंत पोहोचली असती काय? आपल्याकडे शाखांच्या भिंती अकरावीतच उभ्या राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. पण धोरण कागदावर असते आणि वेळापत्रक भिंतीवर!

दोष केवळ व्यवस्थेचा नाही. आपणही तर्कशास्त्र गाईडमधून पाठ करतो, पेपर लिहितो आणि विसरतो. जो विषय आपणच गुणांपुरता मानतो, त्याला इतरांनी मान का द्यावा?

म्हणून प्राध्यापकांना एक नम्र विनंती. पुढील वर्षी तर्कशास्त्राच्या एका तासाला दोन बटणे, एक दिवा आणि थोडी तार आणावी. शक्य झाल्यास शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही बोलवावे. ‘आणि’ व ‘किंवा’ यांचा अर्थ त्यांनी आम्हांला तारेत दाखवावा, आम्ही तो त्यांना वाक्यात दाखवू. एवढ्याने शॅनन घडणार नाही, पण “पुढे काय करणार?” या प्रश्नापुढे आमची मान तरी खाली जाणार नाही.