विश्लेषण : गेमचा सर्व्हर आपलाच असेल तर? धाराशिवमधून तो चालवणे कितपत शक्य?

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीच होता, त्यांचा खेळ त्यानंतरही काही आठवडे चालला. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतासाठीचे सर्व्हर बंद केले आणि तोही थांबला. गेम फोनमध्ये असला, तरी खेळ सर्व्हरवर चालतो. मग हा सर्व्हर आपणच चालवला तर?

सर्व्हर नेमके काय करतो?

कोणता खेळाडू कुठे आहे, कुणी काय बांधले, कुणाचा नेम लागला, याचा हिशेब सर्व्हर ठेवतो आणि सेकंदाला अनेकदा सर्वांना कळवतो. बहुतेक लोकप्रिय मोबाइल गेममध्ये हा प्रोग्राम कंपनीच्याच ताब्यात असतो. ओपन सोर्स गेममध्ये मात्र तो कुणालाही घेता, बदलता आणि चालवता येतो. 'लुआंटी' हे त्याचे उदाहरण. ठोकळ्यांचे जग उभारण्याच्या या प्रकल्पाचे नाव २०२४ पर्यंत 'माइनटेस्ट' होते. त्यात लुआ भाषेत कोड लिहून खेळाचे नियम बदलता येतात. नळदुर्गचा किल्ला उभारायचा ठरवला, तरी कुणाची परवानगी लागत नाही.

धाराशिवमध्ये अडचण कुठे?

काही मित्रांसाठी साधा डेस्कटॉप पुरतो. सर्व जण एकाच वायफायवर असतील, तर इंटरनेटही लागत नाही. अडचण येते ती परंड्यातला मित्र उमरग्यातल्या सर्व्हरला जोडू पाहतो तेव्हा. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. याला 'सीजीनॅट' म्हणतात. त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी नेमक्या घरापर्यंत पोहोचत नाही. उपाय दोन : कंपनीकडून स्वतंत्र आयपी घेणे किंवा मुंबईतील डेटा सेंटरमध्ये भाड्याने सर्व्हर घेणे. दुसऱ्या पर्यायात घरची वीज गेली तरी खेळ थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्व्हरचा कोड मुक्त असला, तरी गेम मुक्त असतोच असे नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती चालवणारा 'नॉस्टॅल्रियस' हा चाहत्यांचा सर्व्हर ब्लिझार्ड कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. गेमचे हक्क कंपनीकडेच होते. पुढे २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जुनी आवृत्ती आणली.

दुसरा मुद्दा पैशांचा. ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने फरक पडत नाही. म्हणजे सर्व्हरच्या भाड्यासाठी मित्रांनी वर्गणी काढणे वेगळे आणि प्रत्येकाकडून शंभर रुपये घेऊन जमलेली रक्कम विजेत्याला देणे वेगळे.

मग मिळवायचे काय?

स्वतःचा सर्व्हर म्हणजे अपडेट, बॅकअप आणि शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढणे ही कामेही स्वतःचीच. मात्र कोड आणि बॅकअप हाताशी असेल, तर एक संगणक बंद पडला तरी उभारलेले जग दुसऱ्यावर पुन्हा सुरू करता येते. पब्जीच्या खेळाडूंकडे २०२० मध्ये हा पर्याय नव्हता.