कामाला विटाळ नाहीं, मग खेळालाच कां?

शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, आज अशा एका विषयावर लिहिणें भाग पडलें आहे कीं, ज्याचें नांव काढतांच पुरुष मान फिरवितो आणि बाई तोंडाला पदर लावते. मुलीच्या मासिक पाळीचा हा विषय. असल्या गोष्टी वर्तमानपत्रांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आमचें उत्तर हें कीं, जी गोष्ट दर महिन्याला घरोघरीं घडते आणि जिच्यापायीं आपल्या लेकींच्या तोंडचा घास जातो, ती वर्तमानपत्रांत लिहावयाची नाहीं तर काय लिहावयाचें?

मुलगी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत शिवारांत हरिणीसारखी पळते. शाळेंत खोखो खेळते, कबड्डींत पोरांना लोळविते. एके दिवशीं तिला पाळी येते. आई घाईघाईनें जुनें धडपें हातांत देते, ‘कुणाला सांगूं नको’ म्हणून दटाविते आणि ‘आतां मोठी झालीस, उड्या मारणें पुरे’ असा हुकूम सोडते. पुष्कळ गांवांत खेळाचें मैदान म्हणजे देवळापुढचें पटांगणच. कावळा शिवलेल्या मुलीनें तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं. पहिल्यानें चार दिवस मैदान सुटतें. मग डाग पडेल, पोरें हंसतील, या धास्तीनें आठ दिवस सुटतें. आणि वर्ष सरतें न सरतें तोंच तें कायमचें सुटतें. गुरुजी हजेरींत गैरहजर लिहितात. ती गैरहजर कां, हें ते विचारीत नाहींत आणि मुलगी सांगत नाहीं.

बरें, या चार दिवसांत त्या मुलीला विसांवा तरी मिळतो म्हणावें, तर तेंही नाहीं. देवघराला तिची सावली चालत नाहीं, लोणच्याच्या बरणीला तिचा हात चालत नाहीं. पण तोच हात खुरप्याला चालतो, विळ्याला चालतो, शेणाच्या पाटीला चालतो. विटाळशीनें भांगललेल्या रानांतली ज्वारी देवाच्या नैवेद्याला खुशाल जाते. कुंभाराच्या लेकीनें त्याच दिवसांत मळलेल्या मातीचें मडकें लग्नाच्या मांडवांत पुजलें जातें. कोष्ट्याच्या सुनेनें भरलेल्या कांड्यांचें धोतर नेसून पुजारी गाभाऱ्यांत शिरतो. हा विटाळ आहे तरी कसला? मालाला लागत नाहीं, मजुरीला लागत नाहीं. लागतो तो फक्त मुलीच्या खेळण्याला आणि पुढें जाण्याला! ज्या रूढीनें आमच्या बाईला कामांतून एक दिवसही सोडविलें नाहीं, त्या रूढीला तिला मैदानांतून हांकलण्याचा अधिकार कोणी दिला, एवढाच आमचा सवाल आहे.

याचा कळस पाहावयाचा असेल तर उसाच्या फडांत जा. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस खाडा झाला कीं मुकादम उचलींतून दंड कापतो. तेथें पाळीच्या बाईला ‘दूर बस’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘मोळी उचल आणि गाडी भर’ असें म्हणतात. सरकारनें नेमलेल्या समितीनें २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हां त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याचीं कारणें अनेक होतीं, डॉक्टरांनीं घातलेली भीति हेंही एक. पण खाडा पडूं नये म्हणून पिशवीच काढून टाकलेल्या बायाही त्यांत होत्या. पोट कापून घेऊन बाईनें कामावर यावें, हें समाजाला चालतें. तिच्या मुलीनें चार दिवसांत कबड्डी खेळावी, तेथें मात्र धर्म बुडतो!

आतां हा धर्म कोठून आला तें पाहूं. वेदांतील तैत्तिरीय संहितेंत अशी कथा आहे कीं, इंद्रानें विश्वरूपाला मारलें आणि त्याला ब्रह्महत्येचें पाप लागलें. त्या पापाचे त्यानें तीन वांटे केले. एक धरणीनें घेतला, एक झाडांनीं घेतला आणि एक स्त्रियांनीं घेतला. तीच त्यांची पाळी. म्हणजे खून केला इंद्रानें आणि विटाळ आमच्या लेकीबाळींना! पण कथाच खरी धरली, तरी धरणीचा वांटा आणि झाडाचा वांटा गेला कोठें? आम्ही त्याच धरणींत नांगर धरतों आणि तिला आई म्हणतों. झाडांच्या वांट्याचा चीक-डिंक झाला म्हणतात. त्याच डिंकाचे लाडू थंडींत सगळे मिटक्या मारीत खातात. तिघींनीं पाप वांटून घेतलें, आणि शिक्षा भोगावयाची ती एकटीनें?

दुसरी गोष्ट ऋषिपंचमीची. पाळींत शिवाशीव झाल्याचा दोष जावा म्हणून भाद्रपदांत आमच्या बाया हें व्रत करतात. त्याच्या कहाणींत बाईनें विटाळ घरांत कालविला म्हणून ती पुढच्या जन्मीं कुत्री होते आणि तिचा नवरा बैल होतो. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं. शेतकरी बाईनें बैलाच्या श्रमाचें खाऊं नये, तर वर्षभर तिनें खावें तरी काय? ज्यांच्या घरीं बैल नाहीं आणि नांगरही नाहीं, त्यांनीं रचलेली ही गोष्ट आहे. विटाळाबद्दल सोयराबाईनें देवालाच जाब विचारला, त्याला शेंकडों वर्षें लोटलीं. उत्तर देण्याऐवजीं आम्ही तो विटाळ शाळेच्या मैदानापर्यंत नेऊन ठेवला.

हें खूळ आपल्याच देशांत आहे, असें मात्र कोणी समजूं नये. १९२८ सालीं आम्स्टरडामच्या ऑलिंपिकांत बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. ती संपल्यावर कांहीं जणी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ही शर्यत बायकांना झेपत नाहीं अशी ओरड झाली आणि १९६० सालापर्यंत ती पुन्हां ठेवलीच नाहीं. पुरुष धांवून दमत नाहींत काय? बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकांत आली ती १९८४ सालीं. विंबल्डनच्या टेनिसमध्यें तर पांढऱ्या कपड्याचें सोंवळें! आंतल्या चड्डीपर्यंत सगळें पांढरें पाहिजे. पाळी आलेल्या खेळाडूनें चेंडूकडे पाहावें कीं आपल्या कपड्याकडे? २०२३ सालापासून तेथें बायकांना आंतून गडद रंगाची चड्डी घालण्याची मोकळीक मिळाली. इंग्लंडच्या बायकांच्या फुटबॉल संघानेंही त्याच वर्षीं पांढरी चड्डी टाकून निळी घेतली. साधी रंगाची गोष्ट, पण ती सुचावयास इतकीं वर्षें लागलीं. कारण नियम करणारांना कधीं पाळी आली नाहीं, आणि जिला येत होती तिला बोलण्याची चोरी होती.

ती चोरी आतां कांहीं मुलींनीं मोडली आहे. २०१६ सालीं रिओ येथें चीनची पोहणारी फू युआनहुई हिनें शर्यतीनंतर सरळ सांगितलें कीं, काल रात्रीं पाळी आली, म्हणून थकवा आहे. पण ही सबब नव्हे. पाळींत बाई पाण्यांत उतरते हेंच पुष्कळ लोकांना त्या दिवशीं प्रथम कळलें. आपल्या मणिपूरची मीराबाई चानू २०२४ सालीं पॅरिसला १९९ किलो वजन उचलून चौथी आली. तिसरीनें उचललें २००. त्या दिवशीं आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता आणि त्याचा शरीरावर थोडा परिणाम होतो, असें तिनें झांकून न ठेवतां सांगितलें. उलट, इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफनें २००२ सालीं शिकागोची मॅरेथॉन पोटांत कळा येत असतांच २ तास १७ मिनिटें १८ सेकंदांत धांवून जगाचा विक्रम केला.

यावरून काय घ्यावयाचें? एकीला थकवा येतो, एक विक्रम करते. एकाच बाईचे दोन महिनेही सारखे जात नाहींत. म्हणून ‘पाळींत खेळूंच नये’ हें जितकें खोटें, तितकेंच ‘पाळीचें कांहीं नसतें, नाटकें करूं नको’ हेंही खोटें. खेळावें कीं बसावें, हें त्या मुलीला विचारावें. तिचें शरीर, तिची कळ, तिचा निवाडा. आणि शिकलेल्यांनींही फुशारकी मारूं नये. २०१४ ते २०२० या काळांतले क्रीडाशास्त्राचे पांच हजारांहून अधिक निबंध तपासले, तेव्हां केवळ बायकांवर केलेले शेंकडा सहाच निघाले. बैलाचें माप घेऊन गाईचा खुराक ठरवावा, तशांतली ही विद्या!

पाळीचें रक्त म्हणजे घाण नव्हे. गर्भ रहावा म्हणून पिशवींत दर महिन्याला जें अस्तर तयार होतें, तें गर्भ न राहिल्यास गळून जातें, इतकेंच. सगळ्या दिवसांचें मिळून साधारणपणें दोन-तीन मोठे चमचे रक्त जातें. खेळल्यानें पिशवी सरकत नाहीं आणि मूल होण्यास अडथळाही येत नाहीं. हलक्या व्यायामानें पुष्कळ जणींच्या कळा उलट कमी होतात. खरें भय दुसरीकडेच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी निघालें. जिच्या ताटांत सर्वांच्या मागून उरलेली भाकरी येते, ती धांवेल कशी? आणि सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने बंद झाली, तर ‘बरें झालें, कटकट गेली’ असें समजूं नका. श्रमाच्या मानानें पोटांत अन्न कमी पडत असल्याची ती खूण असूं शकते. पुढें हाडें ठिसूळ होतात. अशा वेळीं डॉक्टरला दाखवावें. कळांनीं जिला उठवत नाहीं, तिलाही दाखवावें. अंगारा लावून बसूं नये.

कोणी म्हणेल, खेळून काय पोट भरतें? होय, भरतें. महाराष्ट्रांत सरकारी नोकरींत खेळाडूंना शेंकडा पांच जागा राखून आहेत. माण तालुक्यांतील मोही गांवची शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ सालीं ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत धांवून दहावी आली. ज्या तालमीच्या तांबड्या मातींत, मारुतीपुढें बाईची सावली नको म्हणत, त्या कुस्तीला २०२३ सालीं सांगलींत पहिली महिला महाराष्ट्र केसरी मिळाली. २०२५ सालीं दिल्लीला खोखोचा जागतिक करंडक जिंकणाऱ्या आपल्या मुलींची नायिका महाराष्ट्राचीच होती. एवढें दूर कशाला? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आज गांवोगांव पहाटे डांबरी सडकेवर पळतांना दिसतात. ८०० मीटर धांवणें, १०० मीटर धांवणें आणि गोळाफेक, यांवर त्यांची भाकरी अवलंबून आहे. भरतीची तारीख कांहीं कावळा पाहून ठरत नाहीं! ज्या मुलीनें दर महिन्याला चार दिवस घरांत दडून काढले आणि त्या दिवसांत शरीर कसें चालवावें हें जी कधीं शिकलीच नाहीं, ती नेमकी त्याच तारखेला मैदानावर उभी राहिली तर काय करील? तिची नोकरी विटाळानें नेली, असेंच म्हणावें लागेल.

म्हणून आमचें मागणें चार गोष्टींचें आहे. पहिली आईला: पाळी येण्याच्या आधींच लेकीला सगळें नीट समजावून सांगा, म्हणजे ती भ्यावयाची नाहीं. दुसरी बापाला: लेकीच्या ताटांत पालेभाजी, बाजरी, शेंगदाणे, गूळ, अंडें, जमेल तेव्हां काळीज, मुलाच्या बरोबरीनें वाढा, शाळेंत मिळणारी लोहाची निळी गोळी ती गिळते कीं फेकते तें विचारा, आणि दुकानांतून पॅड आणतांना तें काळ्या पिशवींत दडवूं नका. तिसरी शाळेला: कडी लागणारा आणि पाणी असलेला संडास मैदानाजवळ हवा, खेळाच्या पेटींत चेंडूबरोबर पॅडही हवेत, आणि मुलींची चड्डी पांढरी नको, गडद हवी. चौथी गांवच्या पंचांना: देवळापुढचें पटांगण गांवाचें आहे, तेथें खेळावयास येणाऱ्या मुलीला तिचे दिवस विचारण्याचा हक्क कोणासही नाहीं.

यांतल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाहीं. लागते ती फक्त लाज टाकण्याची तयारी. आणि कोणी वडीलधारें तरीही हटूनच बसलें, तर त्यांना एवढेंच सांगा: विटाळ पाळावयाचाच असेल तर पुरा पाळा. त्या चार दिवसांत तिच्या हातचें खुरपें काढून घ्या, डोक्यावरची मोळी उतरवा, हातांतला हंडा घ्या आणि तीं सगळीं कामें तुम्ही स्वतः करा. तें जमत नसेल, तर तिच्या मैदानाच्या वाटेवरून बाजूला व्हा.