सातबाऱ्यावरून पुसलेली वाडी

काही महिन्यांपूर्वी एक वयस्क धर्मग्रामस्थ कार्यालयात आले. साठी ओलांडलेले, उभी हयात आखातात नोकरी करून परतलेले. त्यांनी पिशवीतून घडीवर विरलेला एक कागद काढला आणि विचारले, ‘‘फादर, आमची वाडी नेमकी कुठे होती, हे शोधून काढता येईल का? नात विचारते आणि मला बोट दाखवता येत नाही.’’

तो कागद म्हणजे त्यांच्या आजोबांच्या नावाचा जुना सातबारा होता. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला, अवघ्या काही गुंठ्यांचा तुकडा. ज्या जमिनीवर जन्म झाला, ती जमीन माणसाला सापडू नये, ही गोष्ट मनाला चटका लावून गेली. ही एकट्या त्यांची कथा नाही. म्हणूनच त्या शोधाची हकीकत वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडउतारा. सातमध्ये जमीन कोणाची, ते असते. बारामध्ये तिच्यात काय पिकते, ते असते. त्या कागदावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर होता, क्षेत्र एकर-गुंठ्यांत होते, पिकाच्या रकान्यात केळी व भाजीपाला होता आणि जलसिंचनाचे साधन म्हणून विहीर लिहिली होती. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळाला. तो हाती घेऊन आम्ही दोघे निघालो. जागेवर सात मजली इमारतींचा समूह उभा होता. नकाशावरचा बांध मात्र पुरता मेला नव्हता. आजचा डांबरी रस्ता ज्या ठिकाणी विनाकारण वळण घेतो, तेथेच जुन्या बांधाचे वळण होते. वाहनतळाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या लादीखाली विहीर निघाली. पहारेकऱ्याने सांगितले, ‘‘पाणी खारट आहे, फक्त गाड्या धुवायला वापरतात.’’

आमचे हे स्नेही त्या लादीवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले.

वसईची वाडी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणातून उभी राहिलेली रचना होती. सखल भागात बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारे तळे. त्याच्या काठी विहीर आणि रहाट. रहाटापासून निघणारा पाट. पाटाच्या दोन्ही अंगांना केळी, पानवेली, फुलझाडे आणि भाजी. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी आणि पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारी भाजी व फुले यांवर अनेक कुटुंबांची शिक्षणे झाली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहिल्या, कारण बावखलांमुळे गोड्या पाण्याचा साठा खाऱ्या पाण्याला थोपवून धरीत असे.

ही वाडी गेली कशी? एका दिवसात गेली नाही. फेरफारांच्या नोंदी क्रमाने वाचल्या की सारा प्रवास समोर येतो.

पहिली नोंद कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. आपल्या अनेक कुटुंबांना जमीन अशीच मिळाली. ती सहज विकता येऊ नये म्हणून कायद्याच्या कलम ४३ चे बंधनही सातबाऱ्यावर आले. दुसरी नोंद वारसांची. आजोबांनंतर पाच नावे लागली आणि गुंठ्यांची वाटणी झाली. तिसरी नोंद हक्कसोडपत्राची. भारतीय वारसा कायदा, १९२५ याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा मिळतो. तरीही बहिणींनी सह्या करून हक्क सोडले. त्यांना कोणी विचारले होते का, हे नोंदवहीत लिहिलेले नसते.

याच काळात पाणी आटत होते. मुंबईच्या छायेत वाढणाऱ्या वस्तीला आणि बांधकामांना टँकरने पाणी पुरविण्यासाठी वाड्यांतील विहिरी उपसल्या गेल्या आणि खारे पाणी आत शिरू लागले. ज्यांनी पाणी विकले ते परके नव्हते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९८८ च्या सुमारास हरित पट्ट्यातील जमिनी बांधकामासाठी खुल्या झाल्या आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. खारट विहीर, शेतीला पाठ फिरवलेला तरुण आणि दारात उभा असलेला विकासक, हे तिन्ही एकाच वेळी आले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने या लाटेविरुद्ध लोकांना उभे केले. त्या लढ्यामुळे पश्चिम पट्ट्यातील बरीचशी हिरवाई आजही दिसते. सगळ्या वाड्या मात्र वाचल्या नाहीत.

आमच्या स्नेह्यांच्या वाडीवरील शेवटच्या नोंदी म्हणजे कुलमुखत्यारपत्र, विकसन करारनामा आणि अकृषिक परवानगी. कुलमुखत्यारपत्रावर आपली स्वतःची सही पाहून ते थबकले. ‘‘मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो. चार दिवसांत परत जायचे होते. भावाने सांगितले, सही कर. मी वाचलेसुद्धा नाही.’’

पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. मुंबईत घर न परवडणारी ही कष्टकरी माणसे आहेत. त्यांपैकी कित्येक कुटुंबे आज आपल्या धर्मग्रामांचे आधारस्तंभ आहेत. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न घरे बांधण्याचा नसून पाण्याच्या वाटा बुजवून घरे बांधण्याचा आहे. जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली गेले आणि नालासोपारा-विरार परिसर ठप्प झाला, तेव्हा बुजविलेल्या बावखलांची आठवण अनेकांना झाली.

पवित्र शास्त्रात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे (१ राजे, अध्याय २१). अहाब राजाने आधी रास्त मोबदला देऊ केला होता. नाबोथाने नकार दिला, कारण मळा त्याला वाडवडिलांकडून आला होता आणि तो पुढच्यांच्या हाती सोपवायचा होता. त्याला ठार करून मळा घेतला गेला. आपल्याकडे काहींना फसविले गेले, काहींवर दडपण आले. पण पुष्कळांनी आपण होऊन सही केली. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे जमीन परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाचे घर परस्पर विकावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले आहे, त्याचा वसईतील अर्थ इतका जवळचा आहे.

ज्यांची वाडी अजून शिल्लक आहे, त्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. आपला सातबारा दरवर्षी काढून वाचा. आता तो संगणकावरही पाहता येतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे पीक स्वतः नोंदविता येते; रकाना कोरा राहू देऊ नका. न वाचता कुलमुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. बहिणींना विश्वासात घ्या. बावखल तुमच्या हद्दीत असले तरी त्याचे पाणी साऱ्या गावाच्या विहिरींत उतरते, याचा विसर पडू देऊ नका. विकणे अटळ असेल, तर निदान सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून, प्रार्थना करून निर्णय घ्यावा.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर ते स्नेही नातीला घेऊन त्या इमारतीपाशी गेले. लादीकडे बोट दाखवून त्यांनी तिला सांगितले, ‘‘इथे आपली विहीर होती. आणि सही माझीही होती.’’ दुसरे वाक्य सांगायला धैर्य लागते. आपल्या समाजाला आज त्या धैर्याची नितांत गरज आहे.