सिमेंटखालचे प्रेक्षक

फिलिपिनी सिनेमाचा उत्सव करायचा म्हणता? करा. पण आधी एक हिशेब मिटवा.

१९८१ साली मनिलात सिनेमाचा महाल बांधायला काढला. हुकूमशहा मार्कोसची बायको इमेल्डा, तिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचा होता. मुहूर्त जानेवारी १९८२. मग काय, रात्रंदिवस तीन पाळ्या. १७ नोव्हेंबरच्या पहाटे परांची कोसळली. मजूर ओल्या सिमेंटात गाडले गेले. रुग्णवाहिका तासन्‌तास आत सोडल्या नाहीत. मेले किती? सरकारचा आकडा वेगळा, लोकांचा वेगळा. महोत्सव मात्र ठरल्या महिन्यात झाला. आपल्या अपर्णा सेनच्या ‘३६ चौरंगी लेन’ला तिथं सर्वात मोठं बक्षीस मिळालं. त्याच जानेवारीत मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तिकडं टाळ्या, इकडं थंड चुली.

मी जळगावात डाळ मिलमध्ये पोती वाहतो. शाळा नववीत सुटली. सिनेमा शिकलो तो मोबाईलवर, तुरीच्या भुशानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी. लिनो ब्रोकाचा १९७५ चा सिनेमा पाहिला. नावाचा अर्थच असा: मनिला, उजेडाच्या नखांत. कोळीवाड्यातला ज्युलिओ शहरात येतो, बांधकामावर राबतो. कागदावर मजुरी एक, हातात पडते त्याहून कमी. च्यायला, हा तर आमच्याच मुकादमाचा सिनेमा!

ब्रोकाचाच ‘इन्सियांग’ डुकरांच्या कत्तलखान्यात सुरू होतो. झोपडपट्टीतल्या पोरीची गोष्ट. १९७८ ला कानला गेला, तिथं पोचलेला पहिला फिलिपिनी सिनेमा. आणि आमच्या नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’चा अर्थही डुक्करच. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. प्रेक्षकानं काय केलं? टाळ्या वाजवल्या. घरी गेला. जेवला.

गोव्यात २००४ पासून दरसाल इफ्फी भरतो. २०२२ ला तिथं स्पर्धेत लाव्ह डियाझचा सिनेमा होता. ड्रग्जच्या नावाखाली गरिबांना गोळ्या घातल्या जातात, ते पाहणाऱ्या पोलिसाचं कातडं त्याच्याच अंगावर उठतं. त्याच्या पुढच्याच महिन्यात जी-२० चे पाहुणे येणार म्हणून मुंबईत रस्त्याकडेच्या झोपड्यांपुढं कापड ताणलं. म्हणजे गरिबी परदेशी असली की पडद्यावर, आपली असली की पडद्याआड. ही ह्यांची रसिकता!

आपल्यातलेही काही म्हणतील, फुले-आंबेडकर सोडून हे फिलिपिनी कशाला? भाऊ, बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, ते कशाला? पँथरनं नाव कुठून घेतलं? फिलिपिन्सच्या होझे रिझालनं १८८७ ला कादंबरी छापली. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ: मला शिवू नकोस. समाजाचं असं दुखणं, की हात लावला तर माणूस किंचाळतो. स्पॅनिश सरकारनं १८९६ ला त्याला गोळ्या घातल्या. ‘शिवू नकोस’ म्हणजे काय, ते आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. आपण ते अंगावर वाचलंय.

म्हणून म्हणतो, महोत्सव आपणच भरवू. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणा. प्रोजेक्टर वर्गणीतून भाड्यानं आणा. खालच्या इंग्रजी ओळी कॉलेजातल्या पोरापोरींनी आपल्या बोलीत मोठ्यानं सांगाव्या, आईलाही कळाल्या पाहिजेत. मालेगावच्या यंत्रमागवाल्या वस्तीनं ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी मागितली होती?

आणि पहिल्या रांगेत साहित्यिक बसवू नका. तिथं बांधकामावरच्या बाया बसतील, हमाल बसतील, सफाई कामगार बसतील. ज्यांच्या घामावर महाल उभे राहतात त्यांना खुर्ची मिळेल, तेव्हाच मनिलाच्या त्या मजुरांना सलाम केला असं म्हणता येईल. बाकी सगळी सिमेंटवरची रोषणाई.

जय भीम.