अँप राहू दे, वायर दाखव!

पार्किंगमध्ये कोणी गाडीत नवीन अँप बसवून आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा?" दुसरा, "कितीला पडला?" फ्यूज कुठे लावलाय असं विचारणारा मला अजून भेटायचाय. माझं तर स्पष्ट मत आहे, दहा हजारांचा अँप आणि दोनशेची वायर म्हणजे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली आग!

जरा एफ.ई.चं बेसिक इलेक्ट्रिकल आठवा. ५०० वॅट आरएमएसचा क्लास एबी अँप फुल पॉवरला साधारण ६० टक्के एफिशिअन्सीने चालतो, असं धरू. म्हणजे बॅटरीकडून ८०० वॅटच्या वर घेतो. १२ व्होल्टला हे झाले जवळजवळ ७० अँपिअर. (घरच्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो!) आता अर्थिंगचा स्क्रू पत्रा न खरवडता रंगावरच आवळला आणि तिथे फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स राहिला, तरी आय स्क्वेअर आर काढून बघा. ४९ वॅट. लॅबमधलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आठवतंय? तसली दोन, डिकीच्या कार्पेटखाली. गाणं सतत फुल पॉवरवर नसतं, मान्य. पण कार्पेटला हे कोण सांगणार?

बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी असतो हा एक मोठा गैरसमज. तो वायरला वाचवतो, म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. बॉनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर खड्ड्याखड्ड्याला (आपल्या रस्त्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल!) इन्सुलेशन घासतं आणि एक दिवस वायर बॉडीला टेकते. तेव्हा मागे डिकीत लावलेला फ्यूज काय कामाचा?

अँप सबवूफरच्या बॉक्सवरच ठोकायची तर फॅशनच आहे. दिसतो भारी, पण त्या हादऱ्यांनी आतले सोल्डर जॉइंट तडकतात. त्यापेक्षा प्लायवूडच्या फळीवर, हवा खेळेल अशा जागी बसवा. आणि ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पुष्कळ हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते.

दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण अँपवर घासाघीस जमली नाही की शेवटी आपणच म्हणतो ना, "काका, वायरिंग तरी फ्री करून द्या"? मग काका फ्रीमध्ये परवडते तीच लावतात, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. वरून अगदी तांब्यासारखीच दिसते.