नेच्याची भाजी

विज्ञानाच्या पुस्तकात नेचे पाहिलंत ना? फूल नाही, बी नाही. पानामागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके. पण नेच्याची भाजी होते, हे ठाऊक आहे का?

आसामात ओढ्याकाठी ढेकिया नावाचं नेचं उगवतं. हिमाचलात त्याला लिंगडी म्हणतात. त्याचं कोवळं पान जिलबीसारखं गुंडाळलेलं असतं. ते उलगडायच्या आत खुडतात, धुतात आणि बटाट्याबरोबर शिजवतात. या भाजीत लोह असतं, पोट साफ ठेवणारा चोथा असतो आणि कॅरोटीनही. त्यापासून आपलं शरीर डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्व बनवतं. रानात मिळणारी ही भाजी, एक पैसाही पडत नाही!

मग काय, दिसलं नेचं की तोडलं? छे! सगळी नेची सारखी नसतात. ब्रॅकन नावाचं नेचं गुरांनी सतत खाल्लं, तर त्यांना कर्करोग होऊ शकतो. खायची नेचीसुद्धा कच्ची खात नाहीत. आसामातल्या आज्या ढेकिया नेमका ओळखतात, तीच खरी विद्या.

तुमच्या गावातही टाकळा, कुर्डू ओळखणारी एखादी आजी असेलच. तिच्याबरोबर रानात जा, वहीत पानांची चित्रं काढा. मात्र तिनं ओळखल्याशिवाय एकही पान तोंडात टाकायचं नाही. कबूल?